आवाज आधी, पाना नंतर

प्रस्तावना

‘पुढून ठकठक वाजतंय’ एवढ्या तक्रारीवर आपल्याकडे गाडीचे किती पार्ट बदलले जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आधी लिंक रॉड बदलतात. आवाज राहिला की लोअर आर्म. तरी राहिला की शॉकअप. तिन्ही नवीन बसले, अलाइनमेंट झालं, बिल चुकतं झालं, आणि घरी जाताना पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज पुन्हा येतो. मालक म्हणतो मिस्त्रीने फसवलं, मिस्त्री म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, आणि दोघं मिळून रस्त्याला शिव्या घालतात. बहुतेक वेळा यात लबाडी कुणाचीच नसते. आवाज कुठला आहे हे ठरायच्या आत पाना हातात घेतलेला असतो, एवढंच घडलेलं असतं. हा क्रम बदलावा म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे. आधी आवाजाची ओळख पटवायची, मग नट सैल करायचा.

पुस्तक पाथर्डी तालुका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, याला कारण आहे. कल्याणहून माळशेजमार्गे नगर, तिथून करंजी घाट, तिसगाव, पाथर्डी आणि पुढे परभणी-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१, म्हणजे पूर्वीचा २२२, हा तालुक्याचा मुख्य रस्ता. याच रस्त्याचं काम इतकी वर्षं रखडलं की डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी नगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषण झालं. महामार्ग सोडून आत वळलं की मोहटादेवीचा, मढीचा, माणिकदौंडीचा आणि भगवानगडाचा रस्ता. कुठे गर्भगिरीच्या डोंगरातली वळणं, कुठे उखडलेलं डांबर, कुठे नुसता मुरूम. नवरात्रात मोहट्याला आणि होळीपासून पाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांच्या यात्रेला गाड्या माणसांनी भरून जातात. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या मागेपुढे मुकादमांच्या जीपगाड्या धावू लागतात. तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे वर्षातले बरेच महिने धूळ. अशा भागात पुढच्या सस्पेन्शनचे सांधे लवकर झिजतात, यात नवल नाही. नवल वाटतं ते हे की इतका अनुभव गाठीशी असून तो मराठीत कुठे लिहून ठेवलेला नाही.

नगर शहराला लागूनच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तिथल्या चाचणी मार्गांवर लष्कराच्या आणि खासगी कंपन्यांच्या गाड्या मुद्दाम वाईट पृष्ठभागावरून पळवतात. तिथला इंजिनिअर आणि आपण यांच्यात फरक पडतो तो इथे: कोणता पट्टा चाकाला कोणत्या दिशेने हिसका देतो हे त्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे अमुक पट्ट्यावर आवाज आला, तमुक पट्ट्यावर थांबला, एवढ्यावरून तो सांध्यापर्यंत पोहोचतो. पाथर्डीच्या ड्रायव्हरला असे पट्टे रोज फुकट मिळतात. गावातला गतिरोधक, करंजी घाटातली एकामागून एक येणारी डावी-उजवी वळणं, साइडपट्टीवर एकच चाक उतरतं ती जागा, बारीक लाटा उठलेला कच्चा रस्ता. प्रत्येक ठिकाणी गाडीवर वेगळं बळ येतं. ते कोणतं, एवढं समजलं तर हाच वाईट रस्ता आपलं तपासणीचं साधन होतो.

आता मुळाशी येऊ. ठकठक वाजायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक म्हणजे सांध्यात पडलेली मोकळी जागा, जिला आपण प्ले म्हणतो. दुसरी म्हणजे त्या सांध्यावरच्या बळाची दिशा बदलणं. नुसता प्ले असला तरी बळ एकाच बाजूने दाबत असेल तर सांधा गप्प बसतो. कडी घातलेलं सैल दार वाऱ्याच्या एकसारख्या झोताने वाजत नाही. झोत ओसरून उलटा आला की वाजतं. पुढच्या चाकांचं तसंच आहे. म्हणून ‘आवाज कसा येतो’ यापेक्षा ‘कधी येतो’ हा प्रश्न मोलाचा. वर-खाली होताना, ब्रेक लावताना, ब्रेक सोडताना, स्टिअरिंग वळवताना, की एकच चाक उचललं गेल्यावर? ज्या क्षणी आवाज आला, त्या क्षणी कोणत्या सांध्यावरचं बळ उलटलं हे शोधायचं. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण याच एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्या गाड्या कशा बदलत गेल्या हेही थोडक्यात सांगायला हवं, कारण तपासणीच्या जुन्या सवयी जुन्या गाड्यांवर पडल्या आहेत. जीपला पुढे-मागे पाटे होते. अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार होता, पद्मिनीला दोन आर्म आणि स्प्रिंग. या गाड्यांच्या सांध्यांना ग्रीसचे निपल असत, आणि सर्व्हिसिंगला गाडी आली की ग्रीसगन लावणं हे पोऱ्याचं पहिलं काम असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन स्ट्रट घरोघर पोहोचला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना फोर्डने १९५० मध्ये इंग्लंडमध्ये कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांवर मांडली होती. तिच्यात वरचा आर्म नाही. शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक खांब होतो, तो वर बॉडीच्या डोमला माउंटिंगने टेकतो आणि खाली चाक धरणाऱ्या नकलला बोल्टने जोडलेला असतो. स्वस्त, हलकी आणि कमी जागा खाणारी रचना, म्हणून आज बहुतेक छोट्या गाड्या हिच्यावर चालतात. टाटा सुमो, इनोव्हा यांसारख्या गाड्यांनी मात्र पुढे दोन आर्मच ठेवले. आजच्या सांध्यांना सहसा निपल नसतो. ग्रीस कारखान्यातच भरून वर रबरी बूट चढवलेला असतो. तो बूट फाटला की धूळ आणि पाणी आत शिरतं आणि तिथून पुढे सांध्याचे दिवस भरत येतात. म्हणून आपल्या भागात प्रत्येक सर्व्हिसिंगला बुटांवरून बोट फिरवून पाहणं हे तेल बदलण्याइतकंच गरजेचं आहे.

पुस्तकाची पद्धत कळावी म्हणून एक तपासणी इथे पूर्ण देतो. आवाज हलका, टकटक असा. कमी वेगात, खराब रस्त्यावर येतो. गुळगुळीत डांबरावर गाडी गप्प. पहिला संशय लिंक रॉडवर, आणि तो बऱ्याचदा खराही असतो. पण पार्ट मागवण्याआधी गाडी गतिरोधकावरून दोनदा न्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात गतिरोधकाला १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटीमीटर उंची सांगितली आहे, म्हणजे २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जावी. गावोगावचे उंच, आखूड गतिरोधक या मापात बसत नाहीत, तेव्हा वेग अगदी कमी ठेवा. एकदा सरळ जा, दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील अशी. दुसऱ्यांदा रस्ता मोकळा पाहून तिरके जा, म्हणजे आधी एक चाक चढेल, मग दुसरं. सरळ जाताना दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या जातात, दोन्ही टोकांना लिंक रॉडने जोडलेला स्टॅबिलायझर बार नुसता आपल्या बुशांमध्ये फिरतो आणि लिंक रॉडवर फारसं बळ येत नाही. तिरकं जाताना बारला पीळ पडतो आणि तो पीळ लिंक रॉडमधूनच जातो. सरळ जाताना शांत आणि तिरकं जाताना टकटक, असं असेल तर दोष बार, त्याचे बुश किंवा लिंक यांतच आहे. दोन्ही वेळा सारखाच वाजत असेल, तर लिंक रॉडचा नाद सोडून स्ट्रट, त्याचं माउंटिंग आणि आर्म यांच्याकडे वळा.

पुढची पायरी गॅरेजमधली. इथे हमखास एक चूक होते. मिस्त्री एका बाजूचं चाक जॅकवर उचलतो, लिंक रॉड हाताने हलवून बघतो, तो घट्ट लागतो, आणि ‘लिंक चांगली आहे’ असा निकाल देतो. एकच चाक लोंबकळत असलं की बारला पीळ बसलेला असतो आणि त्या ताणाने लिंकचा झिजलेला बॉल एका बाजूला दाबून धरलेला असतो. प्ले असूनही हाताला लागत नाही. गाडी पिटवर चारही चाकांवर उभी करा, किंवा पुढची दोन्ही चाकं सारखी उचलून स्टँडवर ठेवा, म्हणजे बारचा ताण जाईल. मग लिंक मुठीत धरून हिसका द्या. झिजलेली असेल तर हाताला ‘कट’ असं स्पष्ट कळतं. एवढं करूनही खात्री होत नसेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून कशात अडकणार नाहीत अशा बांधा आणि सपाट, मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. लिंक सोडलेली गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ती घाटात किंवा रहदारीत नेऊ नये. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. खाली स्टँड हवाच.

जॅक कुठे लावायचा हा प्रश्न बॉल जॉइंटच्या बाबतीत याहूनही महत्त्वाचा आहे. स्ट्रटच्या गाडीत वजन स्प्रिंगमधून वर डोमला जातं. खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचा भार नसतो. तिथे जॅक सबफ्रेमखाली लावून चाक लोंबतं ठेवायचं आणि आर्म व नकल यांच्यामध्ये टॉमी घालून बळ द्यायचं. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार जिथे खालच्या आर्मवर काम करतो त्या दोन आर्मच्या गाडीत हे उलटं आहे. चेसिसखाली जॅक लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबत राहते आणि बॉल जॉइंट ताणलेलाच राहतो. झीज दिसत नाही. तिथे जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाजवळ लावायचा, म्हणजे सांध्यावरचा भार उतरतो. यानंतर चाक वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग पाहा. राहिला तर सांधा. चाक दोन्ही बाजूंनी आडवं धरून हलवल्यावर प्ले लागला तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅकचा बुश. इतक्या तपासणीला पैसे लागत नाहीत. दोन माणसं, एक टॉमी आणि थोडा धीर पुरतो.

काही आवाज सस्पेन्शनचे नसतात, तरी सस्पेन्शनच्या नावावर खपतात. खराब रस्त्यावर टकटक येतेय आणि ब्रेकवर नुसता पाय ठेवला की थांबते, तर कॅलिपरच्या पिना झिजल्या आहेत किंवा पॅडच्या क्लिपा सैल आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना चाकाच्या वेगाबरोबर कटकट वाढते, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना एकच ‘धप’, तर इंजिन माउंटिंग. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टण’ वाजून स्प्रिंग उडी मारते, तर स्ट्रटचं बेअरिंग धरलं आहे. चाकाच्या कमानीत हात घालून स्प्रिंगवर हलकेच बोटं ठेवली, ती गुंडाळीत जाणार नाहीत अशी, की उडी हाताला कळते. आणि या सगळ्यांच्या आधी बॅटरीची पट्टी, बॉनेटची कडी, इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा, सायलेन्सरचा क्लॅम्प आणि डिकीतला जॅक व त्याचा दांडा पाहून घ्यावा. यातलं काहीतरी सैल असतं आणि लोक आर्म बदलून मोकळे होतात. बॉडीचा पत्रा आवाज लांब वाहून नेतो; डावीकडचा सांधा उजव्या पायाशी वाजल्यासारखा वाटतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं नसेल तर कानावर एकट्यावर भरवसा ठेवू नये. दुसरा माणूस गाडी दाबून हलवत असताना एकेका सांध्यावर हात ठेवून पाहावं. कान चुकतो, पण सांधा आतून ठोकला की बोटाला चुकत नाही.

निदान बरोबर आलं तरी काम फुकट जाऊ शकतं, म्हणून दुरुस्तीच्या भागात एका गोष्टीवर मी मुद्दाम पानं खर्च केली आहेत. लोअर आर्मचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी घट्ट धरली जाते, आणि आर्म वर-खाली होताना रबर पीळ खातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. खड्ड्यात त्यावर आणखी पीळ पडतो आणि नवा बुश बघता बघता फाटतो. मग ‘पार्ट डुप्लिकेट होता’ असं म्हटलं जातं. बोल्ट आधी नुसते लावून घ्यायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीनदा दाबून बसवायची, आणि मग पिटमधून कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळायचे. काढलेले लॉकनट पुन्हा वापरायचे नाहीत. शॉकअप जोडीनेच बदलायचे. आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉड एंड हलला की अलाइनमेंट करायचं. यातली एकही गोष्ट अवघड नाही. घाईच्या गॅरेजात त्या राहून जातात, इतकंच.

पुस्तकाचे चार भाग केले आहेत. पहिल्यात रचना: स्ट्रट, दोन आर्म, पाटे, आणि प्रत्येकीत भार कुठून कुठे जातो. दुसऱ्यात रस्त्यावरची तपासणी, तिसऱ्यात गॅरेजमधली तपासणी, चौथ्यात दुरुस्ती. पहिला आणि दुसरा भाग ड्रायव्हर आणि मालकांसाठी आहे. वाचायला कोणतंही तांत्रिक शिक्षण लागत नाही. तिसरा आणि चौथा मिस्त्रींसाठी, आणि आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्या मुलांसाठी. सगळे शब्द गॅरेजमध्ये बोलले जातात तेच ठेवले आहेत. ज्या मिस्त्रींनी आपल्या पिटवर उभं राहू दिलं, प्रश्नांना उत्तरं दिली आणि काही ठिकाणी माझं म्हणणं ठामपणे खोडून काढलं, त्यांच्या हातातलं ज्ञान या पानांत आहे. ते त्यांच्याबरोबर संपू नये, ही माझी मनापासूनची इच्छा.

मालकांना एक विनंती आहे. गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: आवाज कोणत्या रस्त्यावर येतो, किती वेगाला, ब्रेकवर पाय असताना की नसताना, वळताना डावीकडे की उजवीकडे, थंड गाडीला की तापल्यावर, आणि याआधी कोणता पार्ट कधी बदलला. शक्य असेल तर मिस्त्रीला शेजारी बसवून जिथे हमखास वाजतं त्याच रस्त्यावर फेरी मारा. गॅरेजच्या दारासमोरच्या गुळगुळीत डांबरावर ट्रायल मारून काही कळत नाही.

आणि दुसरी गोष्ट पैशाची. आपल्याकडे मिस्त्रीला मजुरी मिळते ती पार्ट बसवण्याची. तासभर पिटमध्ये उभा राहून त्याने आर्म, लिंक, माउंटिंग, रॅक सगळं तपासलं आणि शेवटी कॅलिपरची एक सैल पिन शोधून काढली, तर मालक म्हणतो, ‘काहीच तर केलं नाही, पैसे कशाचे?’ अशाने मिस्त्रीने तपासणीत वेळ का घालवावा? पार्ट बदलण्यातच त्याची कमाई असेल तर तो पार्टच बदलणार. डॉक्टरची फी आपण औषध न घेताही देतो. मिस्त्रीच्या निदानालाही स्वतंत्र मजुरी असावी. तिचा दर गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेला असावा आणि मालकाने ती घासाघीस न करता द्यावी. एका चुकीच्या स्ट्रटच्या किमतीत अशी मजुरी कितीतरी वेळा निघेल.

बचतीपेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे. लिंक रॉड वाजत असेल तर आठवडाभर थांबता येतं. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असेल तर थांबता येत नाही. सांधा निसटला की चाक आडवं होतं आणि गाडी हातात राहत नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला हे दोन आवाज सारखेच वाटू शकतात, म्हणूनच ओळख पटवणं टाळायचं नाही. माणसं भरून मोहट्याला, मढीला किंवा ऊसतोडीच्या गावाला निघणाऱ्या प्रत्येक गाडीची पुढची दोन चाकं निघण्याआधी उचलून, हलवून पाहिली जावीत. या तालुक्यातल्या ड्रायव्हरांना आणि मिस्त्रींना तेवढी सवय लागली, तर पुस्तकाचं काम झालं असं मी समजेन.